जुलैत गाईड घेऊन लेक ट्राउट हा मासा धरायला गेलो, दिवस जवळजवळ रिकामा गेला. गाईडचे पैसे नक्की कशाचे?

स्नेहलतागंजवाला

नमस्कार मंडळी. विषय इंदूरच्या जरा बाहेरचा आहे पण मत हवंय ते आपल्या माणसांचं, म्हणून इथेच टाकतो.

मुलगी-जावई टोरांटोच्या बाजूला मिसिसागाला असतात. गेल्या जुलैत आम्ही दोघं तिकडे होतो. मला गळाची आवड लहानपणापासूनची, हे जावयांना ठाऊक, त्यांनी मला न विचारताच लेक सिमकोवर गाईडसकट अख्ख्या दिवसाची बोट ठरवून टाकली, लेक ट्राउटसाठी. टोरांटोहून उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर बॅरी गाव आहे, तिथे या तलावाचा एक लांबट फाटा आत शिरलाय, केंपनफेल्ट बे. सगळ्यात खोल पाणी तिथंच, चाळीस मीटरच्या थोडं वर. पहाटे अंधारात घरून निघालो आणि उजाडताना पाण्यावर होतो.

वारा नाही, लाट नाही, आठ वाजताच ऊन लागायला लागलं. बोटीच्या मागच्या काठावर दोन्हीकडे हाताने फिरवायच्या चरख्या, त्यावर बारीक स्टीलची तार, तारेच्या टोकाला साडेचार किलोचा शिशाचा गोळा. याला डाउनरिगर म्हणतात. आपली लाइन त्या तारेला एका चिमट्यात अडकवायची आणि गोळा खाली सोडायचा, म्हणजे आमिष नेमकं हव्या त्या खोलीवर चालतं. आमिष म्हणजे पातळ पत्र्याचा चमचा, पाण्यात लडखडत जातो तो छोट्या माशासारखा दिसतो. काठी वाकवून, ताणून होल्डरमध्ये ठेवायची. बोट ताशी तीनेक किलोमीटरने. मासे शोधायच्या यंत्राच्या स्क्रीनवर तळ दिसतो, आपला गोळा एक सरळ रेघ दिसतो आणि वीस-पंचवीस मीटरवर मासे, छोट्या कमानी. दिसत होते हो! गोळ्याच्या मागे मागे यायचे, थांबायचे आणि परत खाली. गाईड दर थोड्या वेळाने काहीतरी बदलत होता, कधी चमचा, कधी खोली, कधी वेग, बोट सरळ न नेता नागमोडी नेत होता आणि प्रत्येक वेळी का ते सांगत होता.

दुपारच्या आधी एकदा काठीचं टोक फाडकन सरळ उभं राहिलं. मला वाटलं गेला. गाईड म्हणाला, गुंडाळा, लवकर गुंडाळा! चिमट्यातून लाइन सुटली की काठी आधी सरळ होते, ढील भरून काढली की मग वजन हाताला लागतं. लागलं. बऱ्याच वेळाने मासा दिसायच्या आधी पाण्यावर बुडबुडे आले आणि मग तो. हिरवट करड्या अंगावर फिकट ठिपके, शेपटी खोल दुभंगलेली, पोटाकडच्या परांना पांढरी किनार. गाईडने त्याला बोटीत घेतलाच नाही, जाळी पाण्यातच धरली, हात ओले केले, पकडीने गळ काढला आणि डोकं खाली करून सोडून दिला. सकाळीच त्याने विचारलं होतं, खायला नेणार की सोडणार? मुलीच्या घरी मांसमच्छी शिजत नाही, म्हणून सोडणार म्हटलं होतं.

दुपारी दोनच्या सुमारास त्याने वरच्या पाण्याचं तापमान दाखवलं, २४ अंश. म्हणाला आता दुसरा लागला तर सोडूनही तो जगेल याची मला खात्री नाही, मी ट्राउट थांबवतो, उरलेला वेळ उथळ पाण्यात पर्च आणि बास हे दुसरे मासे धरू. तसंच केलं.

इथे परत आल्यावर घरात ज्याला सांगितलं तो म्हणतो, गंडवलं तुम्हाला. मला अजिबात तसं वाटत नाही. माझं मत असं की मी बघितलेला तो सगळ्यात चांगला गाईड होता आणि दोन वाजता थांबणं हे त्याच्या कामातलं सगळ्यात चांगलं काम. तुम्हाला काय वाटतं? आणि दुसरं, माझे साडू पुढच्या उन्हाळ्यात तिकडे जाणार आहेत, त्यांनाही आवड आहे. त्यांना काय सांगू?

माळवी_मिरची

काका, राग मानू नका, पण मी घरच्यांच्या बाजूने. दिवसाचे पैसे घेतले लेक ट्राउटचे, दोन वाजता बंद. पाणी जुलैत तापतं हे त्या माणसाला सकाळी माहीत नव्हतं का? रोज त्याच पाण्यावर असतो ना तो. मग बुकिंगच्या वेळीच सांगायचं, अर्धा दिवस घ्या म्हणून.

रामबागकर

+१ मिरचीताई. मासा सोडला ते ठीक, काकांची मर्जी. पण गिऱ्हाइकाला काय हवं ते गिऱ्हाइकाने ठरवावं भिया.

काठीवाला_महू

काका तुमचं वर्णन वाचून फार बरं वाटलं. चोरल आणि नर्मदेवर गळ टाकण्यात माझी हयात गेली, लेक ट्राउट मी धरलेला नाही पण त्याच्याबद्दल बरंच वाचून आहे.

मुळात हा मासा थंडीचा. दहा अंशांच्या आसपासचं पाणी त्याला मानवतं. तिकडचे खोल तलाव उन्हाळ्यात थरांमध्ये वाटले जातात, वरचं पाणी तापून हलकं होतं आणि तरंगत राहतं, खालचं थंड आणि जड तसंच खाली राहतं, मधला थर असा की दोन-चार मीटरमध्ये तापमान धाडकन उतरतं. वारा कितीही सुटला तरी वरचं आणि खालचं मिसळत नाही, ते थेट शरद ऋतूत वरचं पाणी गार झालं की मिसळतं. म्हणजे मे महिन्यात जो मासा किनाऱ्यापाशी पाच मीटरवर मिळतो तोच जुलैत पंचवीस मीटरवर. तिथे त्याला खायला सिस्को, स्मेल्ट असले छोटे मासे भरपूर असतात, पोट भरलेलं असतं, थंड पाण्यात पचन सावकाश, त्याला घाई कसली? आणि वर टळटळीत ऊन, पाणी नितळ, त्यात तोंड लावतो तो पहाटेच. दुपारचा सुकाळ होईल असं जुलैत कुणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नये.

म्हणून मिरचीताई, स्क्रीनवर मासे दाखवणं आणि ते तोंड न लावणं यात गाईडची लबाडी काही नाही. एक शंका मात्र मलाही आहे. इतक्या खोलातून वर ओढला की माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, तो उलटा तरंगतो. ती सुईने टोचून हवा काढावी लागते. ते न करता सोडला तर वाचतो का?

दांडियाबाजार

बडोद्याहून नमस्कार. आमच्या सीकेपी घरात धरलेला मासा पाण्यात परत सोडला हे वाचून दाखवलं तर आईने हातातली विळीच खाली ठेवली 😀 एवढंच विचारते म्हणाली, चव कशी असते त्याची?

माळवी_मिरची

दांडियाबाजार, आईंना माझा नमस्कार सांगा 😂

थंडर_बे

मी मूळचा इंदूरचाच, शिक्षण सगळं तिथे, आता बरीच वर्षं लेक सुपीरिअरच्या काठाला. लेक ट्राउट हा इथला घरचा मासा म्हणावा असा, म्हणून जरा मोठं लिहितो.

काठीवाला काका, थरांचं अगदी बरोबर सांगितलंत. पण टोचायचं म्हणता ते या माशाला लागू नाही, उलट टोचलं तर इजा होईल. वॉलआय, पर्च वगैरेंची हवेची पिशवी बंद असते, त्यांना खोलातून ओढलं की तुम्ही म्हणता तसं होतं. ट्राउट आणि सामनच्या कुळात ती पिशवी नळीने घशाला जोडलेली असते, वर येता येता तो हवा तोंडावाटे सोडून देतो. काकांनी मासा दिसायच्या आधी जे बुडबुडे बघितले ते तेच. इथले जुने लोक बुडबुड्यांकडे बघूनच जाळी उचलतात.

त्याला मारतं ते वरचं गरम पाणी. दहा अंशांतून ओढून चोवीस अंशांत आणायचा, त्यात तो लढून लढून थकलेला, गरम पाण्यात प्राणवायू कमी, आणि त्यावर आपण त्याला बोटीत घेऊन फोटो काढत बसायचं. पोहत खाली जाताना दिसतो आणि नंतर खाली मरतो, आपल्याला कळतही नाही. गाईडने जाळी पाण्यातच धरली, हात ओले केले, हे सगळं त्यासाठीच. कोरड्या हाताने धरलं तर अंगावरचा चिकट थर निघतो आणि बुरशी धरते.

आता दोन वाजता थांबण्याबद्दल. हा मासा फार सावकाश वाढतो. उत्तरेकडच्या तलावांत वीस-पंचवीस वर्षांचे मासे सर्रास असतात, त्याहून म्हातारेही मिळतात. पिल्लं द्यायला लागेपर्यंतच त्याची कित्येक वर्षं जातात. गळाने धरलेला आजवरचा सगळ्यात मोठा ग्रेट बेअर लेकमधला, १९९५ सालचा, ७२ पौंड, म्हणजे साडेबत्तीस किलोच्या वर. तसा मासा घडायला किती हिवाळे लागले असतील याचा विचार करा. सोडायचाच म्हणून धरायचा आणि तो मरणार हे माहीत असताना धरत राहायचं, हे मला तरी जमणार नाही. काकांच्या गाईडला माझं शंभर टक्के अनुमोदन.

काठीवाला_महू

थंडर_बे, टोचायचं प्रकरण चांगलं समजावलंत, आपला नर्मदेतला महाशीर मासाही कार्पच्या कुळातला, त्याचीही पिशवी घशाला जोडलेली असते, तरी हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. आभार.

माळवी_मिरची

थंडर_बे दादा, माशाबद्दलचं पटलं. पण माझा प्रश्न पैशांचा आहे आणि तो तसाच उभा आहे. गाईडला हे सगळं माहीत असेल तर जुलैत "सोडणाऱ्या" माणसाला त्याने पूर्ण दिवस विकूच नये. दुपारी थांबणं चांगलं, पण सकाळी सांगणं जास्त चांगलं.

थंडर_बे

हे मात्र तुझं बरोबर. सकाळी सांगायला हवं.

लष्कर_ग्वाल्हेर

ग्वाल्हेरहून. मासेमारीतलं मला काही कळत नाही, तिघऱ्याच्या धरणावर संध्याकाळी फिरायला जाणं एवढाच पाण्याशी संबंध. पण गाईड या विषयावर बोलायचंय. मी वाघ बघायला कान्हा-बांधवगडला जात असतो. तिथे वाघ दिसेल असं कुणी लिहून देत नाही आणि मागतही नाही. तरी दोन गाईडांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. एक नुसता जीपमागे जीप पळवतो, दुसरा थांबवतो, हरणाचा कॉल ऐकवतो, मातीतला माग दाखवतो, हा माग रात्रीचा की पहाटेचा ते सांगतो. वाघ दोघांनाही दिसला नाही तरी दुसऱ्याबरोबरचे चार तास भरलेले असतात.

उलटाही अनुभव आहे. हिमाचलमध्ये घरच्यांबरोबर गेलो होतो, मुलांसाठी एका नदीवर ट्राउटचा गाईड घेतला. मुलांच्या हातात काठ्या दिल्या आणि हा गृहस्थ दगडावर बसून मोबाईल बघत राहिला. मुलाचा दोरा झाडात अडकला तो मीच सोडवत बसलो. निघताना म्हणाला आज पाणी गढूळ होतं. असेल गढूळ, पण गढूळ पाण्यात काय करायचं हे शिकवायलाच तुला घेतला होता ना बाबा!

काकांचा गाईड सारखं काहीतरी बदलत होता आणि का ते सांगत होता, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. माझ्या मते पैसे त्याचे.

रामबागकर

लष्करभाऊ हे पटलं. माझं +१ अर्धं परत घेतो. अर्धं मिरचीताईंकडेच राहू दे.

अनुपमा_जो

एक वेगळी बाजू मांडू का? धागा हळूहळू "सोडणारा भला माणूस" याकडे चाललाय, तसं सगळीकडे नसतं. माझा भाऊ अमेरिकेत माँटानात असतो, यलोस्टोन नॅशनल पार्कला जाणंयेणं असतं. तिथल्या यलोस्टोन लेकमध्ये हाच लेक ट्राउट १९९४ मध्ये पहिल्यांदा सापडला. तिथला मूळचा मासा म्हणजे कटथ्रोट ट्राउट. लेक ट्राउट त्याला खात सुटला. कटथ्रोट अंडी घालायला उथळ ओढ्यांत चढायचा, तिथे अस्वलं, ऑस्प्रे (मासे धरणारा शिकारी पक्षी), गरुड त्याच्यावर जगायचे. लेक ट्राउट खोलातच राहतो, खोलातच अंडी घालतो, अस्वलाच्या हाती काय लागणार? म्हणून तिथे नियमच आहे की लेक ट्राउट धरला तर जिवंत सोडायचा नाही. पार्कवाले जाळी लावून दरवर्षी ढिगाने काढतात ते वेगळंच.

म्हणजे मासा तोच. सिमकोत त्याला जपायचं आणि यलोस्टोनमध्ये मारायचा. तेव्हा सोडणं हे आपोआप पुण्य नाही, कुठलं पाणी आहे त्यावर आहे. आणि काकांच्या बाबतीत एक तिसरा रस्ता होताच की, पहिलाच मासा ठेवायचा, शेजारी कुणाला द्यायचा, आणि मग दिवस संपवायचा. जगण्याची शंका असलेले मासे सोडत बसण्यापेक्षा एक ठेवून थांबणं मला जास्त प्रामाणिक वाटतं.

दांडियाबाजार

अनुपमाताई, आई म्हणते तुम्ही बडोद्याला आलात की जेवायलाच या.

थंडर_बे

अनुपमा, मुद्दा चांगला आहे आणि मान्य आहे. उन्हाळ्यात मीही ठेवतो, एक ठेवला की काठी गुंडाळली.

दांडियाबाजार, चव विचारली होतीत. मांस पांढरटापासून केशरी कुठलंही निघतं, तो काय खाऊन वाढला त्यावर आहे. तेल भरपूर असतं, त्यामुळे भाजून किंवा धुरी देऊन उत्तम, आपलं हळद-तिखट-आगळ लावून तव्यावर परतला तर मस्तच होतो. मसाल्यात बुडवून रस्सा करू नका, तेलाने जड होतो. आणि एक, मोठा मासा खायचा मोह टाळा. हा वरच्या फळीतला शिकारी मासा, म्हातारा झाला की अंगात पारा साठतो. ऑंटारिओ सरकार कुठल्या तलावातला कुठला मासा किती लांबीचा महिन्यातून किती वेळा खावा याचे तक्ते काढतं, बायका आणि मुलांसाठी वेगळे. आधी ते बघायचं. छोटा ठेवावा, मोठा सोडावा, चवीलाही छोटाच बरा.

सिमकोबद्दल थोडं, कारण काकांनी जो मासा सोडला त्याच्यामागे मोठी गोष्ट आहे. टोरांटोच्या इतक्या जवळचा तलाव, ७२२ चौरस किलोमीटरचा, चारी बाजूंनी शेती आणि गावं. खताचं आणि सांडपाण्याचं फॉस्फरस पाण्यात उतरायचं, त्याने शेवाळ माजायचं, मरून तळाला जाऊन कुजायचं आणि कुजताना तळाच्या पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकायचं. आता काठीवाला काकांनी सांगितलेले थर आठवा. वरचं पाणी मिसळत नाही म्हणजे खाली नवा प्राणवायूही जात नाही. उन्हाळ्याच्या अखेरीला लेक ट्राउटला वर गरम आणि खाली गुदमर, मधे एक पट्टा तेवढा राहायचा. मोठे मासे कसेबसे निभावायचे, पिल्लं टिकायची नाहीत. कित्येक दशकं तिथे हॅचरीतली, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात वाढवलेली पिल्लं सोडून मासा टिकवला, कुठला तरी एक पर कापून खूण केलेली. मग २००८ मध्ये फक्त या एका तलावासाठी कायदा केला, फॉस्फरस कमी करायची योजना आखली, तळाच्या पाण्यात लिटरमागे ७ मिलिग्रॅम प्राणवायू हवा असं लक्ष्य ठेवलं. आता न कापलेल्या परांचे, म्हणजे तलावातच जन्मलेले मासे परत मिळतात. काका, तुमच्या माशाचे सगळे पर शाबूत होते का?

स्नेहलतागंजवाला

थंडर_बे, बरं झालं विचारलंत! गाईडने जाळीतच एकेक पर बोटाने उलगडून बघितला होता आणि जावयांना "वाइल्ड" म्हणाला होता. मला तेव्हा वाटलं मासा फार लढला म्हणून म्हणतोय. म्हणजे तो तलावातच जन्मलेला होता तर. हे कळून फार आनंद झाला, जावयांना आत्ताच फोन करतो.

काठीवाला_महू

हे वाचून आपल्या सिरपूर तलावाची आठवण होते हो. सिरपूर आणि यशवंतसागर दोन्ही २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत आले, पाट्या लागल्या, चांगलंच झालं. पण वस्तीचं पाणी तलावात उतरतं तो प्रश्न तोच आहे जो सिमकोचा होता, फक्त आपल्याकडे तळाशी गुदमरणाऱ्या माशाला कुणी विचारत नाही.

आणि महाशीर. मध्य प्रदेशने २०११ मध्ये त्याला राज्याचा मासा केला. नर्मदेत तो पूर्वी काय होता हे बडवाह-महेश्वरकडच्या जुन्या केवटांना विचारा. त्याला वाहतं, खळाळतं पाणी लागतं, गोट्यांचा तळ लागतो. धरणांमागे धरणं झाली, वाहती नदी साचलेला तलाव झाली, तो कुठे अंडी घालणार? आपल्याकडे १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते, ती माशांच्या विणीसाठीच. ती दोन महिने तरी पाळा म्हणून मी तरुण पोरांना हात जोडून सांगतो. काकांचा गाईड बंदी नसताना नुसत्या थर्मामीटरकडे बघून थांबला, हे मला फार मोठं वाटतं.

रामबागकर

यशवंतसागरला लहानपणी आजोबांबरोबर जायचो, आता नुसते पक्षी बघायला. थंडीत सारस दिसतात अजून. कुणी या डिसेंबरात येणार का, धागा वेगळा काढतो.

अनुपमा_जो

मी येणार. वेगळा काढा.

माळवी_मिरची

मीही. पण आधी हा धागा पूर्ण होऊ द्या, काकांच्या साडूंचं काय?

स्नेहलतागंजवाला

मिरचीबाई, धन्यवाद, तेच लिहायला आलो. सगळ्यांचं वाचलं. तुमचा मुद्दा मी जावयांना विचारला. त्यांनी बुकिंगचे मेसेज काढून बघितले, तर गाईडने लिहिलं होतं की जुलैत सकाळचा अर्धा दिवस पुरेल. जावयांनीच आग्रहाने पूर्ण दिवस घेतला, बाबा इतक्या लांबून येतायत म्हणून. म्हणजे त्या माणसाने आधी सांगितलंही होतं.

अनुपमाताईंचं मात्र मनात घोळतंय. एक ठेवून थांबायचं हे मला त्या दिवशी कुणी सुचवलं असतं तर मी तयार झालो असतो का, बहुतेक नाही, घरात शिजणार नव्हता आणि शेजारी ओळख नव्हती. साडू मात्र खाणारे आहेत, त्यांचा विचार वेगळा.

माझं मत अजून पक्कं झालंय. मासे किती लागले त्यावर त्या दिवसाची किंमत करूच नये. लष्करभाऊ म्हणतात तसं, मी सकाळी जे पाणी नुसतं सपाट बघत होतो त्यात संध्याकाळपर्यंत मला थर दिसायला लागले होते. याचेच पैसे, आणि ते योग्य होते.

तर साडूंसाठी नेमकं सांगा, कधी जावं आणि काय विचारावं.

माळवी_मिरची

काका, आधीच अर्धा दिवस सांगितला होता म्हटल्यावर माझी तक्रारच संपली. गाईडची माफी, त्याला पोचवा.

थंडर_बे

काका, साडूंसाठी.

महिना हातात असेल तर मे अखेर ते जूनचा पहिला पंधरवडा. पाणी वर अजून गार असतं, मासा उथळात असतो, चरख्या-गोळ्यांशिवाय हलक्या काठीने धरता येतो आणि सोडला तरी तगतो. त्या तलावावर लेक ट्राउटचा हंगाम कधी उघडतो ते त्या वर्षीच्या नियमांत बघूनच तारीख घ्यावी, दरवर्षी तपासायचं. जुलै-ऑगस्टच जमत असेल तर फक्त पहाटेचा अर्धा दिवस, आणि एक मासा ठेवायचा हे आधीच ठरवून जायचं.

गाईडला फोनवर विचारायचं, वरचं पाणी किती अंशावर गेलं की तुम्ही ट्राउट थांबवता? ज्याच्याकडे याचं उत्तर तयार असेल तो गाईड घ्यावा. दुसरं, नुसतं ट्रोलिंग, म्हणजे तुमच्यासारखं चालत्या बोटीमागे आमिष ओढणं, करता की जिगिंगही? जिगिंग म्हणजे बोट माशांच्या डोक्यावर थांबवून जड जिग (वजन लावलेला गळ) सरळ खाली सोडायचा आणि हाताने उचलत-सोडत राहायचं. काठी आपल्या हातात राहते, स्क्रीनवर मासा आपल्या जिगकडे वर येताना दिसतो, रिकाम्या दिवशी यात मन जास्त रमतं. साडूंना हे आवडेल.

लायसन्सचं नीट लक्षात ठेवा. पासष्टच्या वरच्यांना लायसन्स लागत नाही असं तिकडे सगळे सांगतात, ते कॅनडात राहणाऱ्यांसाठी. आपल्याकडून पाहुणे आलेल्या मोठ्या माणसांना, पासष्टच्या वर असले तरी, लागतंच. एक दिवसाचंही मिळतं, ऑनलाइन निघतं.

काठीवाला_महू

आणि साडूंना म्हणावं सुपीरिअरला थंडर_बेंकडे जाऊन या, सोय झाली तर.

थंडर_बे

नक्की या. सुपीरिअर बघायला तरी याच, सगळ्यात खोल जागी ४०६ मीटर. इथे लॅम्प्रे म्हणून एक ईलसारखा परजीवी शिरला होता, समुद्रातला, तोंडाने माशाला चिकटून रक्त शोषणारा. वेलंड कालव्याच्या वाटेने वर चढला, १९२१ मध्ये लेक ईरीत दिसला, पुढे १९३८ पर्यंत सुपीरिअरमध्ये. एकेक लॅम्प्रे आयुष्यात अठरा किलोपर्यंत मासा संपवतो. लेक ट्राउट जवळजवळ गेलाच होता. १९५८ पासून ज्या ओढ्यांत त्याची पिल्लं वाढतात तिथे फक्त त्यांनाच मारणारं औषध सोडायला लागले, ते आजही चालू आहे, एक वर्ष थांबून चालत नाही. तुमच्या साडूंना मी लॅम्प्रेचे व्रण असलेला मासा दाखवीन, अंगावर गोल डाग असतो.

लष्कर_ग्वाल्हेर

बाप रे. मी वाघच बघतो.

सौ_स्नेहलतागंज

नमस्कार. मी यांची सौ. रोज वाचते, लिहीत नाही. पण साडूंबरोबर माझी बहीण जाणार आहे म्हणून लिहिते, कारण एवढी चर्चा झाली पण हे कुणी सांगितलं नाही. मी त्या बोटीत पहाटेपासून होते. बोटीवर बाथरूम आहे का ते बुकिंगच्याच वेळी विचारा, बायकांनी तर नक्कीच. आमच्या बोटीवर नव्हतं, गाईडने न मागता मध्ये एकदा धक्क्याला बोट लावली, म्हणून मलाही तो माणूस आवडला. उजाडताना पाण्यावर कुडकुडायला होतं, जुलै असला तरी स्वेटर हवा, आणि दहानंतर टोपी आणि पूर्ण बाह्यांचा कपडा, पाण्यावरून परत येणारं ऊन इंदूरच्या मेपेक्षा वाईट लागतं. बोट लागणाऱ्यांनी गोळी निघायच्या आधी घ्यावी. दशम्या आणि लसणाची चटणी नेली होती, गाईडने तीन खाल्ल्या.

थंडर_बे

काकू, बहिणीला माझ्याकडेही दशम्या आणायला सांगा. तारीख ठरली की काकांनी मला मेसेज करावा, जूनचा पहिला आठवडा मी मोकळा ठेवतो.

स्नेहलतागंजवाला

साडूंशी आत्ता बोललो. जून पहिला आठवडा, सिमकोवर अर्धा दिवस, मग सुपीरिअर. गाईड तोच, दोन वाजता थांबलेला.